नेपाळात घर बांधायला जाताय? आधी बिगारी व्हा

दगड-मातीची एक भिंत उभी राहायची तर एक डकर्मी लागतो आणि त्याच्या हाताखाली तीन-चार माणसं. डकर्मी म्हणजे नेपाळीत गवंडी. हाताखालची माणसं म्हणजे तुम्ही. गोव्यात डिचोली-फोंड्याकडे ज्याला आपण बिगारी म्हणतो त्याचंच काम: दगड आणून द्यायचे, माती मळायची, पाणी ओढायचं, भरलेलं घमेलं पुढे द्यायचं. हे कबूल असेल त्यानं पुढे वाचावं. गरिबांना घर देऊन येतो, अशा थाटात निघालेल्या माणसाला आठ दिवसांत गाव कंटाळतं, आणि गावाला तो.

घरबांधणीच्या स्वयंसेवेसाठी गोव्यातून पहिल्यांदाच देशाबाहेर जाणाऱ्याला नेपाळ सोयीचा आहे. भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात, ताटात डाळ-भात असतो आणि घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. कामाची गरजही खरी आहे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे पाच लाख घरं जमीनदोस्त झाली, त्यातली बहुतेक दगड-मातीची. नोव्हेंबर २०२३ मध्ये पश्चिमेकडे जाजरकोटला पुन्हा तेच झालं. डोंगरातली माणसं आजही दगड-मातीतच बांधतात, कारण सिमेंटची गोणी तिथवर न्यायला गोणीच्या किमतीइतकाच खर्च येऊ शकतो. म्हणून तिथे शिकायचं ते हे की तीच माती आणि तेच दगड भूकंपात उभे कसे राहतील.

संस्था निवडताना

स्वयंसेवकांकडून शुल्क घेणं यात गैर काही नाही. राहणं, जेवण, गावापर्यंतची गाडी आणि साहित्याचा काही भाग त्यातून निघतो. पण पैसे भरण्याआधी पाच गोष्टी लेखी विचारा. घर कोणाच्या नावावर होणार, आणि जमिनीचा लालपुर्जा (तिथला मालकीचा कागद) त्या कुटुंबाकडे आहे का? गवंड्यांची मजुरी कोण देतं? नकाशा कुठल्या अभियंत्यानं तपासला? तुम्ही परतल्यावर उरलेलं काम कोण पुरं करणार? आणि ज्यांचं घर आहे ते स्वतः कामावर असतात का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही १९७६ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था घरमालकाच्या श्रमाचा वाटा ही अटच ठेवते. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे २००६ साली लोणावळ्याजवळ मळवलीला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर याच संस्थेच्या स्वयंसेवकांसह घरं बांधायला आले होते, तेव्हा ज्यांची घरं तीही माणसं कामाला होती. मालक स्वतः राबत असला की तुमचं त्याच्याशी नातं शेजाऱ्याचं होतं. तो नुसता बघत बसलेला असेल तर तुम्ही दाते ठरता, आणि मग गप्पा जुळत नाहीत.

बांधकामाला ‘अनाथाश्रमात एक दिवस’ जोडून देणाऱ्या कार्यक्रमापासून लांब राहा. पाहुण्यांना दाखवण्यासाठी मुलं गोळा करून ठेवण्याचे प्रकार नेपाळात उघडकीला आलेले आहेत.

गट दहा ते पंधरा जणांचा बरा. एका घराच्या जागेवर याहून जास्त माणसं झाली की निम्मे जण फोटो काढत उभे राहतात. आणि आठवड्यात घर पुरं होत नाही हे आधीच मनाशी धरून चाला. दगड-मातीच्या घराला काही महिने लागतात, तुमच्या वाट्याला त्यातला एखादा टप्पा येईल. चावी देण्याचा सोहळा दाखवणारी जाहिरात वेगळी, काम वेगळं.

कागदपत्रं

सर्वात जास्त माणसं अडकतात ती आधार कार्डावर. विमानानं नेपाळला जाताना १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्रच लागतं, तेही मूळ. आधार, पॅन, वाहन परवाना यांवर विमानतळावरून परत पाठवतात.

गोव्यात आणखी एक भानगड असते. गटातल्या एखाद्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. तो तिथे परदेशी ठरतो, त्याला व्हिसा लागतो. काठमांडूच्या विमानतळावर पर्यटक व्हिसा मिळतो, पंधरा दिवसांचे ३० डॉलर, तीस दिवसांचे ५०. पण त्या व्हिसावर बिनपगारी काम करायलाही परवानगी नाही. म्हणून अशा मित्रासाठी संस्थेनं काय सोय केली आहे ते तिकीट काढण्याआधी विचारायचं. परतताना भारतात शिरायला त्याचं ओसीआय कार्डही (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं ओळखपत्र) बरोबर हवं.

प्रवास दाबोळी किंवा मोपाहून दिल्लीमार्गे विमानानं होतो. पैसे वाचवायचे असतील तर गोवा एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून गोरखपूर, पुढे सुमारे ९० किलोमीटरवर सोनौलीची सीमा आणि मग बस. यात तीन-चार दिवस मोडतात, आणि पोचल्यावर लगेच दगड उचलायचे असतात. रजा मोजकी असेल तर या मार्गाच्या नादी लागू नका.

पैशाचा हिशेब सोपा आहे: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार ‘आयसी’ म्हणाला तर भारतीय, ‘एनसी’ म्हणाला तर नेपाळी. भाव ठरवताना हे आधी विचारा. भारतीय नोटा शंभराच्याच न्या, मोठ्या घ्यायला लोक कांकूं करतात.

विमा काढताना बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच प्रवास-विम्यांत अंगमेहनतीच्या कामात झालेली दुखापत वगळलेली असते, म्हणजे नेमकं जे करायला चाललात तेच. धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्या. टायफॉइडबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला.

केव्हा जायचं

जून ते सप्टेंबर नाही. दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात, मातीची भिंत सुकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला हवा उत्तम, पण दशैं (आपला दसरा) आणि तिहार (दिवाळी) याच काळात येतात. दशैं पंधरा दिवसांचा असतो, आणि चतुर्थीत आपल्याकडे जसा गवंडी मिळत नाही तसा तिथे दशैंत मिळत नाही. तारखा पंचांगात बघून मगच तिकीट काढा. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ बिनघोर. मात्र फेब्रुवारीत दीड हजार मीटरवरच्या गावात रात्री थंडी आपल्या कल्पनेपलीकडे वाजते. लोकरीची टोपी आणि जाड मोजे हवेतच.

निघण्याआधी गोव्यातच सराव

दोन रविवार ओळखीच्या गवंड्याच्या हाताखाली काढा. ओळंबा सोडायला शिका, दोरी ताणायला शिका, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवायला शिका. सळ्यांना तार बांधायचा हूक हातात घ्या. तारेचा वेढा घालून पीळ द्यायचा, पण जास्त पिळली की तार तुटते. पन्नास गाठी मारल्या की हाताला समजतं.

दगडाचा सराव मात्र गोव्यात होत नाही. आपला चिरा (जांभा दगड) यंत्रानं कापून चौकोनी येतो, उचलला की बसवला. नेपाळी डोंगरातला दगड प्रत्येक वेगळ्या आकाराचा, आणि चिऱ्याची सवय तिथे आडवीच येते.

कामावर

दिवस सहाला चहानं सुरू होतो, सातला काम. दहाच्या सुमाराला डाळ-भाताचं मोठं जेवण होतं, दुपारी दोन-तीनला ‘खाजा’ म्हणजे चिवडा-चहासारखं काही, आणि पाचला काम थांबतं. एक वाजता हुमण-भाताची आठवण काढणाऱ्या पोटाला हे वेळापत्रक अंगवळणी पडायला तीन दिवस लागतात. दहाला पोटभर जेवा. ‘नंतर खाईन’ म्हणाल तर दुपारी उन्हात हात-पाय गळतील.

माती कामाची आहे का, हे बघायची एक साधी चाचणी आहे. ओल्या मातीच्या दोन सेंटीमीटरच्या पाच-सहा गोळ्या करा, दोन दिवस सुकवा, मग अंगठा आणि तर्जनीत दाबा. एकही फुटली नाही तर मातीत चिकणमाती पुरेशी आहे. फुटल्या तर माती बदलायची. मळायची माती रात्रभर भिजत ठेवतात आणि सकाळी पायांनी तुडवतात. यात खडे, मुळं, काटक्या राहिल्या की दगड नीट बसत नाही. तुडवताना त्या वेचणं हे बिगाऱ्याचं काम, आणि नवशिके नेमकं तेच टाळतात.

आता दगड. भिंत साधारण ४५ सेंटीमीटर जाड असते. तिला आतलं आणि बाहेरचं अशी दोन तोंडं, मधे लहान दगडांचा भर. भूकंपात भिंत फुटते ती इथे: दोन तोंडं एकमेकांपासून सुटतात, बाहेरचं तोंड पोट काढून पुढे येतं आणि कोसळतं. ते अडवण्यासाठी भिंतीच्या पूर्ण जाडीएवढा लांब, आरपार जाणारा दगड घालतात. उंचीत दर ६० सेंटीमीटरला एक थर असा, आणि त्या थरात दोन आरपार दगडांमधलं अंतर १.२ मीटरहून जास्त नको. असे लांब दगड ढिगात थोडेच असतात. म्हणून पहिल्याच दिवशी ढीग उपसताना ते वेगळे काढा आणि गवंड्याच्या नजरेसमोर ठेवा. बिगाऱ्यानं हे स्वतःहून केलं की डकर्मी दाइ (दादा) तुमच्याशी बोलायला लागतो. कोपऱ्याला लागणारे चौकोनी दगडही तसेच बाजूला काढा.

दगड आडवा बसवायचा, पसरट बाजू खाली. उभा ठेवला की भिंत लवकर चढते आणि बाहेरून दिसतेही छान, म्हणून नवा माणूस मोहात पडतो. असा दगड वजन आलं की सरकतो. उभा सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येऊ देऊ नका. नदीतले गोल गोटे न फोडता वापरू नका. मधल्या भरात नुसती माती टाकून मोकळे होऊ नका, त्यात दगडाचे तुकडे दाबून बसले पाहिजेत. दिवसाला मीटरभरापेक्षा जास्त उंची चढवायची नाही. खालची माती ओली असते आणि वरच्या वजनानं भिंत बसते, मग ओळंब्यातून जाते.

सकाळी येऊन बघाल तर कधी कधी कालची तुमची भिंत उतरवून पुन्हा रचलेली असते. डकर्मी तुमच्या तोंडावर काही बोलणार नाही, पाहुण्याचा अपमान कसा करायचा? तो संध्याकाळी गुपचूप दुरुस्त करतो, आणि त्याचा तो वेळ फुकट जातो. यावर उपाय एकच: थर संपला की त्याला बोलवा, ओळंबा सोडून दाखवा, ‘भयो?’ (झालं का?) विचारा. ‘भएन’ (नाही झालं) म्हणाला तर लगेच उतरवा.

जोत्याच्या, खिडकीच्या तळाच्या, दारा-खिडक्यांच्या माथ्यावरच्या आणि छताखालच्या उंचीवर सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा असतो. काँक्रीटचा असेल तर सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांकडे बारीक लक्ष द्या. रिंगेची दोन्ही टोकं आत वळवून १३५ अंशात, म्हणजे गाभ्याकडे झुकलेली हवीत. काटकोनात सोडलेली टोकं हादऱ्यात उघडतात आणि सळ्या बाहेर फुगतात. काटकोन वाकवायला सोपा, शेवटचे ४५ अंश जिवावर येतात, म्हणून संध्याकाळच्या रिंगा हटकून चुकलेल्या असतात. सळीला सळी जोडताना त्या एकमेकांवर किमान सळीच्या जाडीच्या पन्नास पट लांबीपर्यंत याव्यात, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळीला ६० सेंटीमीटर. सगळे जोड एकाच जागी नकोत, आणि कोपऱ्यात तर नकोतच.

काँक्रीटचा माल कालवताना सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला ३५ लिटरच्या मापानं दीड माप रेती, तीन मापं खडी आणि जास्तीत जास्त २५ लिटर पाणी. रेती ओली असेल तर पाणी आणखी कमी. थकलेला माणूस मालात पाणी वाढवतो, कारण पातळ माल फावड्याला हलका लागतो, आणि काँक्रीटची ताकद तिथेच जाते. त्या वेळी माणूस बदला, पाणी वाढवू नका. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात वापरून टाका. ओतल्यावर किमान सात दिवस ओलं ठेवायचं. तुम्ही चौथ्या दिवशी परतणार असाल तर पुढचे तीन दिवस पाणी कोण मारणार, हे त्या घरातल्या माणसाशी नावानिशी ठरवून निघा.

ओल्या सिमेंटानं कातडी भाजते, आणि लगेच जाणवत नाही. गुडघे टेकून काम केलं की संध्याकाळी कळतं. रबरी हातमोजे, बूट आणि लांब पँट हवीच. चप्पल घालून आलेल्याला कामावर घेऊच नये. डोळ्यात उडालं तर चोळू नका, भरपूर पाण्यानं धुवा.

पत्रे चढवताना खिळा पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात मारला तर तिथूनच गळतं. हे गोव्याच्या पावसात वाढलेल्याला सांगायला नको, तरी घाईत चूक होते. छतावर स्वयंसेवकांनी चढूच नये असं आमचं मत. खालून पत्रे द्या.

दगड चढावर न्यायचे असतील तर हातोहात साखळी करा. सगळ्यांनी एका दिशेला तोंड करून उभं राहण्यापेक्षा एक आड एक समोरासमोर उभे राहा, म्हणजे कंबर पिळली जात नाही. (गोव्यातल्या सांखळी गावच्या मंडळींनी यावर विनोद करून घ्यावेत, आम्ही थांबतो.) या साखळीतच गावातल्या बायका, शाळेतून परतलेली पोरं, म्हातारे येऊन मिसळतात, आणि ओळखी होतात त्या इथेच.

भाषा आणि घर

नेपाळी वाचता येते, हा आपला मोठा फायदा. कामापुरते शब्द दोन दिवसांत तोंडी बसतात: ढुंगा म्हणजे दगड, माटो माती, बालुवा रेती, डन्डी सळी, माथि वर, तल खाली, बिस्तारै सावकाश, पुग्यो पुरे. गंमत ‘गारो’ची. आपला गारा म्हणजे मळलेली माती, त्यांचा गारो म्हणजे भिंत, आणि ‘गाह्रो’ म्हणजे कठीण. गारा आण म्हणून ओरडाल तर समोरचा भिंतीकडे बघत राहील.

थोरांना नावानं हाक मारू नका. दाइ (मोठा भाऊ), दिदी, आमा (आई), बुवा (वडील). लहानांना भाइ, बहिनी. सर्वांशी ‘तपाईं’ (आपण). मराठीतल्या सवयीनं सलगीच्या ‘तिमी’वर उतरू नका. सकाळी भेटल्यावर ‘खाना खानुभयो?’ म्हणजे जेवलात का, हीच विचारपूस. आपल्याकडच्या ‘चहा घेतला?’सारखी.

जूठो म्हणजे उष्टं, आणि तिथे ते काटेकोर पाळतात. पाण्याची बाटली तोंडाला लावून दुसऱ्याला देऊ नका, वरून ओता. बाहुन-छेत्री (ब्राह्मण-क्षत्रिय) घरांत चुलीजवळ बोलावल्याशिवाय जायचं नाही. ताटात भात आग्रहानं वाढला जातो. नको असेल तर ताटावर आडवा हात धरून ‘पुग्यो’ म्हणा, नुसती मान हलवली तर आणखी एक डाव पडतो.

गाय नेपाळचा राष्ट्रीय प्राणी आहे आणि गोहत्या गुन्हा. गोमांसाचा डबा पिशवीत असलेला कोणी गटात असेल तर त्याला गोव्यातच सांगा. चोरीसं (गोव्याचं सॉसेज) डुकराचं असतं, पण तेही विचारल्याशिवाय यजमानांच्या स्वयंपाकघरात नेऊ नका. मगर जमातीच्या घरात चालेल, बाहुन घरात नाही. फेणी घरीच राहू दे. तामांग-गुरुंग जमातींच्या घरांत राक्सी (घरची दारू) पुढे येईल, ती थोडी घ्या किंवा हात जोडा, आणि दुसऱ्या दिवशी काम आहे हे लक्षात ठेवा.

भेट न्यायची तर आमसुलं आणि काजू. आमसुलं टिकतात, आणि डाळीत एक टाकून दाखवलं की आमा स्वतः करून बघते. पोरांना चॉकलेटं, पेनं वाटू नका, पुढच्या गटाच्या मागे पोरं हात पसरून धावतात. शाळेला काही द्यायचं असेल तर मास्तरांच्या हाती द्या.

संध्याकाळी मादल (तिथला ढोल) निघतो. आपलं घुमट (मडक्याला चामडं लावलेलं वाद्य) नेलं तर मैफल रंगते, पण घोरपडीच्या चामड्याचं अजिबात नको, वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बकऱ्याच्या चामड्याचंच न्या, आणि मडकं असल्यानं कपड्यांत गुंडाळून हातातल्या पिशवीत. फुटण्याची भीती वाटत असेल तर टाळांची जोडी पुरते. फुगडी शिकवायला भाषा लागत नाही.

निघताना

हातमोजे, बूट, ओळंबा, थापी तिथेच द्या, पण वाटू नका. डकर्मी दाइकडे सोपवा, कोणाला काय लागतं ते त्याला माहीत असतं. घरमालकाला परत येईन असं वचन देऊ नका, यायचं असेल तर या. फोटो फोनवर पाठवण्यापेक्षा काठमांडूत छापून घ्या आणि गावाकडे जाणाऱ्या संस्थेच्या गाडीतून पाठवा. भिंतीसमोर आमा, बुवा आणि डकर्मी एकत्र असलेला एक फोटो त्यात असू द्या, आणि तीन प्रती काढा.